संगणकाचा सातबारा

सातबारा वाचता येत नाही असा माणूस बुलढाणा जिल्ह्यात शोधूनही मिळायचा नाही. शाळेत गणितानं ज्याला तीनदा पाडलं, तोही उताऱ्यावरचे हेक्टर-आर बिनचूक वाचतो. 'इतर अधिकार' या रकान्यावरून नजर फिरवून कोणत्या सोसायटीचा किती बोजा आहे, बहिणीचं नाव कमी झालं की राहिलं, हे तो समोरचा चहा निवायच्या आत सांगतो. असा सावध माणूस खामगावच्या किंवा मलकापूरच्या दुकानातून पस्तीस-चाळीस हजारांचा लॅपटॉप आणतो, त्याला हळदकुंकू लावतो, दसऱ्याला त्यावर झेंडूचं फूल ठेवतो आणि पावती कपाटात टाकून समजतो, की वस्तू आपली झाली. पावती खरी असते, पण ती डब्याची. डब्याच्या आत जे चालतं त्याचा उतारा कोणी काढून पाहत नाही. काढला असता तर पहिल्याच ओळीत दिसलं असतं: भोगवटादार वर्ग २.

ज्यांना वर्ग १ चीच सवय आहे त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. वर्ग १ म्हणजे जमीन तुमची. पेरा, पडीक ठेवा, विका. वर्ग २ म्हणजे कसायचं तुम्ही, घाम तुमचा, पण विकायची म्हटलं तर आधी वरून परवानगी. विंडोज घातलेला संगणक सरळ या दुसऱ्या वर्गात मोडतो. पहिल्यांदा चालू करताना ज्या लांबलचक करारावर आपण न वाचता 'मान्य' म्हणतो, त्यात मायक्रोसॉफ्ट कंपनीनं साफ लिहिलेलं असतं, की हे सॉफ्टवेअर तुम्हाला विकलेलं नाही, वापरायचा परवाना दिला आहे. नव्या यंत्रासोबत आलेला हा परवाना त्या एकाच यंत्राला खिळलेला असतो. यंत्र भंगारात गेलं की परवानाही त्याच तराजूत बसतो. वर्ग २ च्या जमिनीचा साहेब निदान बुलढाण्यात असतो, एसटीनं जाऊन त्याच्या दारात उभं राहता येतं. इथला साहेब अमेरिकेत रेडमंड नावाच्या गावी बसतो आणि तिथं आपल्या आगाराची गाडी जात नाही. हल्ली जो तो कुरकुरतो, की सॉफ्टवेअर नको तिथं नाक खुपसतं, जाहिराती दाखवतं, ऐन कामात अडवतं. कुरकुर रास्त आहे. पण जमीन ज्याची, तो बांधावर येणारच. कूळ त्यावर एवढं चकित होतं ते स्वतःला मालक समजत असल्यामुळे.

फेरफाराचंच घ्या. उताऱ्यावर काही बदलायचं तर तलाठ्यानं (हुद्द्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण हे अपडेट अजून कोणाच्या तोंडात बसलेलं नाही) आधी संबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी १५ दिवस ठेवायचे, आणि मगच नोंद पुढे मंजुरीला जायची. हा नियम कसा पाळला जातो याच्या सुरस कथा प्रत्येक गावात आहेत. तरी नियम आहे. विंडोज १० बाजारात आलं २९ जुलै २०१५ ला, आणि त्याच्या घरगुती आवृत्तीत अपडेटला 'नको' म्हणायची सोयच नव्हती. अपडेट थांबवून ठेवायची मुभा घरगुती ग्राहकाला मिळाली ती २०१९ मध्ये, तीही जास्तीत जास्त ३५ दिवसांची. हरकतीचा अर्ज स्वीकारायलाच चार वर्षं! आपलं महसूल खातं याहून चपळ आहे असं लिहायची वेळ येईल, असं कधी वाटलं नव्हतं. त्यात पडद्यावर सूचना येते: 'अपडेट सुरू आहे, संगणक बंद करू नका.' संग्रामपूर किंवा लोणार तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात ही सूचना वाचणाऱ्या माणसानं काय करायचं? संगणक कधी बंद व्हायचा हे तिथं तो ठरवत नाही, महावितरण ठरवतं. ती सूचना त्यांच्या उपकेंद्रात लावायला हवी.

विंडोज ७ आणि ८ वापरणाऱ्यांना त्या काळात नव्या आवृत्तीचं आमंत्रण यायचं. आमंत्रण कसलं, वऱ्हाडी पंगतीतला आग्रह. पानावर आडवा हात धरला तरी वाढपी बोटांच्या फटीतून बुंदी सोडतो, तसा. मे २०१६ मध्ये तर खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबून ती बंद केली, तरी ठरलेल्या वेळी नवी आवृत्ती चढायचीच. फुली म्हणजे नकार, हे गणिताची वही पाहिलेल्या कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. तिथं तिचा अर्थ 'बरं, या मग' असा लावला गेला. कॅलिफोर्नियातल्या प्रवास व्यवसाय चालवणाऱ्या एका बाईंचा संगणक या आग्रहानं आडवा झाला. त्यांनी दावा लावला आणि कंपनीला दहा हजार डॉलर मोजावे लागले. त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीच्या विपणनप्रमुखानंही कबूल केलं, की आग्रह जरा जास्तच झाला होता. अजूनही त्या खिडक्यांत 'हो' आणि 'आत्ता नको' असे दोनच पर्याय बऱ्याचदा असतात. 'नाही' हा शब्द त्यांच्या कोशात नाही. विम्याचा एजंटसुद्धा तिसऱ्या खेपेला हवापाण्याच्या गप्पा मारून उठतो.

यावर जाणकार म्हणतील, की अपडेट सुरक्षेसाठी असतात, ते टाळू नयेत. अगदी खरं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूनं जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा त्यावरचा उतारा कंपनीनं मार्चमध्येच दिलेला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता त्यांचे संगणक ओलीस पडले. तेव्हा फवारणी करूच नका असं कोणी शहाणा म्हणणार नाही. पण फवारणी कधी करायची हे शेतकरी वारा पाहून ठरवतो, औषध कंपनी नाही. आणि फवाऱ्याच्या टाकीत औषधासोबत दोन जाहिरातींची पत्रकं घोळून पाठवलेली तो चालवून घेणार नाही. इथं नेमकं ते घोळलेलं असतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये आलेल्या अपडेटसोबत विंडोज ११ च्या स्टार्ट मेन्यूत 'शिफारस' या नावाखाली दुकानातली अ‍ॅप्स दिसू लागली. शिफारस हा शब्द कृषी विद्यापीठानं वापरला की आपण मान डोलावतो. दुकानदारानं वापरला की खिशावर हात ठेवतो. पत्त्यांचा सॉलिटेअर तर १९९० पासून विंडोजसोबत येत होता आणि सरकारी कार्यालयांतल्या शांततेत त्याचा वाटा मोठा आहे. तो आता डावाच्या मधे जाहिरात दाखवतो, आणि जाहिरात नको असेल तर दरमहा पैसे मागतो. पारावर पत्ते कुटणाऱ्यांना जिल्ह्यात कोणी चांगलं म्हणत नाही, पण पार त्यांच्याकडून भाडं घेत नाही.

२०२४ च्याच मे महिन्यात रिकॉल नावाची नवलाई जाहीर झाली. नव्या पद्धतीच्या संगणकांत दर काही सेकंदांनी पडद्याचं चित्र टिपून ठेवायचं, म्हणजे तुम्ही गेल्या मंगळवारी काय पाहत होता हे नंतर शोधता येईल. कल्पना जुनीच आहे. प्रत्येक गावात चावडीसमोरच्या ओट्यावर बसून कोण कोणाकडे किती वाजता गेलं याची नोंद ठेवणारे एक आजोबा असतातच, आणि गाव त्यांना चहाही पाजतं. पण आजोबांना घराच्या आत बसवायला कोणी तयार होत नाही. इथंही एवढा गहजब झाला, की कंपनीनं ती सोय लांबणीवर टाकली, आणि पुढच्या वर्षी आणली ती 'ज्याला हवी त्यानंच चालू करावी' या अटीवर. कंपनी ऐकते, हे मान्य करायला हवं. अर्थात रयतेनं ओरडून वेठ थोडी कमी करून घेतली म्हणून जहागीर रयतेची होत नाही.

मालकीचा खरा कस लागला तो १४ ऑक्टोबर २०२५ ला. दिवाळी आठवड्यावर आलेली, सोयाबीनची सोंगणी-मळणी चाललेली, आणि त्या दिवशी विंडोज १० ची नियमित देखभाल संपली. विंडोज ११ घ्या म्हटलं तर ते घरात यायला अटी घालतं: टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप हवी, आणि प्रोसेसर साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा. म्हणजे २०१६ साली घेतलेला, अजून ठणठणीत चालणारा संगणक बाद. गुरांच्या बाजारात बैल नेला. दात बघितले, खूर बघितले, चालवून बघितला, सगळं उत्तम. पण कानात बारा आकडी पिवळा बिल्ला नाही म्हणून परत न्या, असं झालं. बिल्ला निदान पशुवैद्यकीय दवाखान्यात मारून मिळतो. इथं बिल्ल्यासाठी बैलच नवा घ्यायचा. एक वर्षाची मुदतवाढ कंपनीनं ठेवली, पण त्यासाठी ३० डॉलर भरा, नाहीतर कंपनीचे बक्षीसगुण खर्च करा, किंवा आपल्या संगणकाची मांडणी तिच्या क्लाउडवर नेऊन ठेवा. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर तिथल्यांची ही पट्टी माफ झाली. आपल्याकडे ग्राहक पंचायत आहे, ग्राहक आयोग आहे, २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन साजरा होतो. तरी माफी युरोपालाच.

आता दुसरा पर्याय काय, हे विदर्भातल्या माणसाला समजावणं पुण्या-मुंबईच्या माणसाला समजावण्यापेक्षा सोपं आहे, कारण त्याच्या शेतात दोन्ही प्रकारची बियाणी शेजारी-शेजारी पेरलेली असतात. बीटी कपाशी संकरित. तिची सरकी राखून पुढच्या वर्षी पेरली तर झाडं एकसारखी येत नाहीत, म्हणून दर मृगाच्या आधी कृषी सेवा केंद्रापुढे पाकिटासाठी उभं राहावं लागतं. सोयाबीन सरळ वाणाचं. चांगलं दाणेदार राखलं तर घरचं बियाणं दोन-तीन वर्षं चालतं, आणि कृषी विभाग स्वतः दर उन्हाळ्यात सांगतो, की शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, सत्तर उगवले की बिनधास्त पेरा. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याचं ३९ वं कलम शेतकऱ्याला आपलं बियाणं राखायचा, पेरायचा, पुन्हा पेरायचा, बदलायचा, वाटायचा, विकायचादेखील हक्क देतं. छापील नावाच्या पिशवीत भरून तेवढं विकायचं नाही. अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमननं १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना लिहिला, त्यात हेच हक्क आहेत: वापरा, आत कसं चाललंय ते पाहा, बदला, वाटा, अट एकच, ज्याला द्याल त्यालाही हेच हक्क द्या. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं आपण हौस म्हणून एक प्रणाली लिहितोय असं जाहीर केलं, आणि पुढच्याच वर्षी ती या परवान्याखाली आणली. तीच लिनक्स. ती पेनड्राइव्हवर घालून, संगणकातल्या मूळ प्रणालीला धक्का न लावता चालवून पाहता येते. आवाज येतो का, वायफाय लागतं का, कळफलक नीट चालतो का, हे तपासायचं. सत्तर दाणे उगवले तर पेरायचं, नाहीतर पेनड्राइव्ह काढून खिशात. परीक्षेसाठी आपलं बियाणं असं ओल्या गोणपाटात देणारी कंपनी आधी शोधून दाखवा.

पहिली हरकत ठरलेली: फुकट कसं काय देतात? यात काहीतरी डाव असणार. ही शंका महाराष्ट्रात कुठंही काढावी, बुलढाणा जिल्ह्यात काढू नये. ज्या जिल्ह्यात शेगाव आहे, जिथं गजानन महाराज संस्थानात हजारो सेवाधारी एक पैसा न घेता ठरलेल्या पाळीनं येतात, झाडतात, वाढतात, चपला सांभाळतात, आणि कोणाला दमडी न मागता पुन्हा आपल्या शेतावर जातात, तिथल्या माणसानं 'बिनपगारी काम इतकं चोख कसं' असं विचारणं म्हणजे गावच्याच देवळाचा पत्ता विचारणं. पण सेवेचीच गोष्ट सांगून थांबणं लबाडी होईल. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे बहुतेक जण आज पगारदार आहेत. इंटेल, रेड हॅट, गूगल यांसारख्या कंपन्या तो पगार देतात, कारण त्यांचा स्वतःचा धंदा त्या पायावर उभा आहे. गंमत म्हणजे मायक्रोसॉफ्टही त्यांत आहे. २००१ मध्ये तिच्या प्रमुखानं लिनक्सला कर्करोग म्हटलं होतं. २०१४ मध्ये पुढच्या प्रमुखानं आमचं लिनक्सवर प्रेम आहे असं जाहीर केलं. सोयरीक मोडून तेरा वर्षांनी त्याच मांडवात अक्षता घेऊन उभं राहणारे पाहुणे आपल्याकडेही असतात. त्यांना जेवायला वाढावं. मांडव त्यांच्या नावावर करू नये, आणि जीपीएल मांडव कोणाच्याच नावावर होऊ देत नाही.

दुसरी हरकत दबक्या आवाजात येते: आम्ही कुठं विकत घेतो? दुकानवाला तीन-चारशे रुपयांत फॉरमॅट मारून देतो, क्रॅक टाकून देतो, झालं. ही हरकत प्रामाणिक आहे, एवढंच तिच्या बाजूनं बोलता येईल. क्रॅक म्हणजे बिनपावतीचं बियाणं. उगवलं तर ठीक. नाही उगवलं तर तक्रार कोणाकडे करणार, कृषी अधिकारी पहिल्यांदा पावतीच मागतो. त्या क्रॅकसोबत आणखी कोणतं तण आलंय हे दुकानवाल्यालाही ठाऊक नसतं. आणि मालक त्याचं शेत विसरत नाही: २००८ मध्ये कंपनीनं परवाना नसलेल्या एक्सपीचा पडदा दर तासाला काळा करायला सुरुवात केली होती. हल्ली कोपऱ्यात 'विंडोज सक्रिय करा' असं पुसट लिहून येतं, आणि माणसं त्या ओळीखाली वर्षानुवर्षं, भिंतीवरच्या 'येथे थुंकू नये' सारखी, सुखानं नांदतात. मुलांना चोरी करू नये असं ज्या संगणकावर टंकून शिकवतो, त्याच्याच कोपऱ्यात ही ओळ असते, हे जरा कानकोंडं करणारं आहे.

तिसरी हरकत खरी वजनदार, आणि तिच्यापुढे लिनक्सवाल्यांची जीभ टाळ्याला चिकटते. अडत दुकानाचा हिशेब टॅलीत आहे, आणि टॅली विंडोजचं अपत्य आहे. डिजिटल सहीचा टोकन, अंगठ्याचं यंत्र, यांचे ड्रायव्हर विंडोजसाठी बिनबोभाट चालतात. लिनक्सवर चालवायचे तर कुलदैवताला नवस बोलावा लागतो. ज्यांचं पोट यावर आहे त्यांनी मुकाट वर्ग २ ची जमीन कसावी, त्यात कमीपणा नाही. चिखली-मेहकरच्या लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्यांचं तर सगळं विश्वच कोरल ड्रॉ, पेजमेकर आणि श्रीलिपी या त्रिमूर्तीवर तोललेलं असतं. पण ही पत्रिकाच जरा निरखून पाहा. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०, ती २००१ सालची. कंपनीनं ती प्रणाली कधीच सोडून दिली. तरी आपल्याकडे गणपतीपासून 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं'पर्यंतचा मजकूर तिच्यात अडकून पडलेला आहे. जुन्या फॉन्टात टंकलेला तो मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला, की अक्षरं फुटतात. वधूपक्षाचं आडनाव इंग्रजी अक्षरं, उद्गारचिन्हं आणि टक्क्याच्या खुणा यांचं कालवण होऊन समोर येतं. घराण्याची अब्रू वाचवायला तोच फॉन्ट असलेल्या संगणकाकडेच परतावं लागतं. तेव्हा ही हरकत लिनक्सविरुद्धची म्हणून पुढे येते आणि साक्ष देते ती वर्ग २ च्या विरुद्ध: स्वतःच्या मुलीच्या लग्नाचा मजकूरसुद्धा ज्याला दुसऱ्याच्या कुलपाशिवाय वाचता येत नाही, तो कसला मालक? युनिकोड आल्यापासून हे कुलूप लागत नाही. रेड हॅटनं २००४ मध्ये खुले केलेले लोहित फॉन्ट असोत की इनस्क्रिप्टचा कळफलक, लिनक्सवर मराठी आज पहिल्या दिवसापासून, विनाशुल्क, धड दिसते आणि धड टंकता येते.

सवयीची हरकत मात्र फार मनावर घेऊ नये. एमएस-सीआयटीच्या वर्गात विंडोज आणि ऑफिस शिकवलं, प्रमाणपत्र मिळालं, आता नवं कोण शिकणार? हे म्हणणारा माणूस बटणांच्या फोनवरून बोटानं सरकवायच्या फोनवर कोणताही वर्ग न लावता गेला, आणि त्या अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. (त्या फोनवर जाहिरातींचा जो पूर येतो, तो पाहून लिनक्सचं नाव घेताना जपावं लागतं. विहीर गावाची असली तरी तिच्यावरची मोटर सावकाराची असेल, तर पाणी सावकार म्हणेल तेव्हाच सुटतं.) केरळच्या सरकारी शाळांतली मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवर संगणक शिकतात आणि ती काही मागं पडलेली दिसत नाहीत. हलक्या कामासाठी असेल म्हणावं, तर जगातले पहिले ५०० महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून झाडून सगळे लिनक्सवर आहेत. लोणारचं विवर बेसॉल्ट खडकात उल्कापातानं झालेलं म्हणून शास्त्रज्ञ त्याची तुलना मंगळावरच्या विवरांशी करतात. त्या मंगळावर १९ एप्रिल २०२१ ला जे छोटं हेलिकॉप्टर उडालं, तेही लिनक्सवर चालत होतं. मंगळावर ज्याची दुरुस्ती करायला जाता येत नाही तिथं जे भरवशाचं, ते लोणारच्या तहसील कचेरीपुढच्या टेबलावर का चालू नये?

लिनक्सवाल्यांचे दोष न सांगता पुढे जाणं बरं दिसणार नाही. नुकती माळ घातलेल्या माणसासारखे ते असतात. तुम्ही 'आज फार गरम होतंय' म्हणालात तरी ते 'म्हणूनच सांगतो, लिनक्स टाका' म्हणतात. जिल्हा जसा घाटावर आणि घाटाखाली वाटलेला आहे, तसे हे उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन यांत वाटलेले, आणि घाटाखालच्याला घाटावरचं पाणी मानवत नाही यावर त्यांचं जेवढं एकमत तेवढं कशावरच नाही. 'यंदाचं वर्ष लिनक्सचं' हे भाकीत ते फार वर्षांपासून करताहेत. भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, अठरा धान्यं मांडली जातात, दुसऱ्या पहाटे निरीक्षण करून पाऊसपाण्याचं सांगतात. ते भाकीत निदान महिनेवार असतं. पण यांच्या भांडणाचा एक फायदा आहे, आणि तो मालकीच्याच बाजूचा आहे. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये उबुंटूनंही मोह केला: आपल्याच संगणकात फाइल शोधावी, तर निकालात अ‍ॅमेझॉनचा माल दिसू लागला. म्हणजे तिथंही तेच! फरक पुढचा. त्याचा गाभा घेऊन वेगळी चूल मांडलेलं लिनक्स मिंट २००६ पासून शेजारीच होतं; ज्यांना राग आला ते बांध ओलांडून तिकडे गेले, कागदपत्रं-फाइली तशाच घेऊन, कोणालाही न विचारता. उबुंटूनं २०१६ मध्ये ती सोय मूळ मांडणीत बंद ठेवली. वर्ग १ मध्ये शेजारी सज्जन असेलच असं नाही, पण वाटणी करून घ्यायचा हक्क आपल्या हातात असतो.

एक हरकत तेवढी उरते, आणि तिला उत्तर नाही. स्टॉलमनच्या डोक्यात हे सगळं शिरलं ते एका प्रिंटरमुळे. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेला झेरॉक्सनं एक लेझर प्रिंटर दिला होता. तो वारंवार कागद अडकवायचा, आणि त्याचा मूळ कोड मिळत नसल्यानं स्टॉलमनला त्यात 'कागद अडकला' अशी साधी सूचनाही घालता येईना. ज्याच्याकडे तो कोड होता, त्या दुसऱ्या विद्यापीठातल्या माणसानं, गुप्ततेचं वचन दिलंय असं सांगून, तो द्यायला नकार दिला. तिथून ही चळवळ निघाली. चाळीस वर्षं उलटली, महासंगणक झाले, मंगळ झाला. आणि आपल्याकडे जो कॅनन एलबीपी २९०० हा चिवट प्रिंटर वकिलापासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत जिथं तिथं बसलेला आहे, तो नेमका लिनक्सवर सुरळीत चालायला मागत नाही. त्याचा ड्रायव्हर बसवता बसवता भलेभले पुन्हा विंडोजच्या आश्रयाला गेले आहेत. तेव्हा ज्यानं सगळे विधी करून, बोजा उतरवून, आपला संगणक पूर्णपणे वर्ग १ करून घेतला, त्यानं महाभूलेखवर आपल्या जमिनीचा सातबारा ऐटीत उघडावा, डोळे भरून पाहावा, पेनड्राइव्हवर घ्यावा आणि छापून आणायला शेजारच्या विंडोजवाल्याकडे जावं. जाताना थोडा वेळ काढून जावं. त्याचं अपडेट सुरू असेल.